८१३ नोंदी आणि एक 'ऊ' : महालातल्या ग्रंथालयाच्या सूचीचं प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाने मला बोलावलं ते एका अडकलेल्या बिलावरून. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचं काम नंदनवनमधल्या एका ताईंनी केलं होतं. बरंचसं घरी बसून, थोडं ग्रंथालयात येऊन, दर नोंदीमागे ठरलेल्या पैशांवर. त्यांनी ७,२६४ नोंदींचं बिल दिलं. नव्या प्रणालीत मात्र त्यांच्या भागातल्या ८१३ नोंदी दिसत नव्हत्या. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं मत पडलं की बाईंनी मधली मधली पुस्तकं गाळली आणि दाखल क्रमांक पुढे रेटले. चार महिने बिल तसंच पडून होतं.

मी गेलो तेव्हा मे महिना होता. कूलरचा आवाज, वाळ्याचा ओला वास, आणि टेबलावर उघडं ठेवलेलं दाखल रजिस्टर. ग्रंथपाल बाईंनी दोन आकडे कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले: रजिस्टरप्रमाणे २१,३४६, संगणकात २०,५३३. "पुस्तकं कपाटात आहेत. मी स्वतः हात लावून पाहिली. मग संगणकात का नाहीत, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण ज्या चुकीपायी एका बाईच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली, ती चूक त्यांनी केली नव्हती आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही हलगर्जीपणाने केली नव्हती. ओळ कुठे संपते, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळातली उत्तरं त्या एका सूचीत एकत्र आली होती.

तीन काळांची सूची

पहिल्या ९,२१२ नोंदी १९९० नंतरच्या दशकातल्या. तेव्हा डॉसवर चालणाऱ्या संगणकात जिस्ट कार्ड बसवून मराठी लिहीत, इस्की या संकेतपद्धतीत. सहा फायली होत्या आणि पुढे कोणीतरी त्या एकामागे एक जोडून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत, बदलून ठेवल्या होत्या.

पुढच्या ४,८७० नोंदी छापील ग्रंथसूचीसाठी इतवारीतल्या एका छापखान्यात जुन्या मॅकिंटॉशवर जुळवल्या गेल्या. त्याही नंतर युनिकोडमध्ये आणल्या होत्या.

उरलेल्या ७,२६४ ताईंच्या. विंडोजवर, स्प्रेडशीटमध्ये, आठ रकाने: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, भेट देणाऱ्याचं नाव, किंमत.

हे तिन्ही भाग एकत्र करून नव्या प्रणालीत चढवणारा प्रोग्राम एका विश्वस्तांच्या पुतण्याने पायथन या संगणकभाषेत लिहिला. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. पैसे घेतले नाहीत आणि काम मनापासून केलं, हे मी त्याचा प्रोग्राम वाचूनच सांगू शकतो.

हरवलेल्या सगळ्या नोंदी तिसऱ्या भागातल्या होत्या. त्यामुळे संशय ताईंकडे वळणं सोपं झालं. आणखी एक गोष्ट त्यांच्या विरोधात गेली. पहिल्यांदा फाइल चढवली तेव्हा ८५० नोंदी कमी भरल्या होत्या. बिलावरून कुरबुर सुरू झाल्यावर ताईंनी नवी फाइल आणून दिली, ती चढवली तर ८१३ कमी. म्हणजे आरडाओरडा झाल्यावर ३७ 'सापडल्या', असा त्याचा अर्थ काढला गेला.

गुजराती कपाट

मी हरवलेल्या नोंदींची यादी मागितली. ग्रंथपाल बाईंनी ती रजिस्टरवरून हाताने काढून ठेवली होती, सतरा फुलस्केप पानं. असं काम केलेलं असलं की तपासणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतात.

पहिली साडेचार पानं गुजराती पुस्तकांचीच होती. इतवारीतल्या गुजराती वाचकांसाठी ग्रंथालयाने गेल्या काही वर्षांत २१२ पुस्तकं घेतली होती. ती सगळीच्या सगळी गायब. कार्यालयात याचं उत्तर तयार होतं: "संगणकात गुजराती फॉन्ट नसेल." हे पटण्यासारखं नव्हतं. फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. दाखल क्रमांक आणि किंमत तरी राहायला हवी. इथे अख्खी नोंद उडाली होती.

मराठी नोंदींचा धागा लागेना. एकच प्रकाशक नव्हता, एकच वर्ष नव्हतं, एका दिवसाचं कामही नव्हतं. अण्णाभाऊ साठ्यांची नव्याने आलेली सगळी पुस्तकं यादीत होती. जुनी मात्र संगणकात नीट होती, कारण ती पहिल्या भागातली. पावसावरचं एक पुस्तक गेलेलं, पुरावरचं राहिलेलं. राऊत आडनावाचे सगळे लेखक गेलेले.

मी ताईंना भेटायचं ठरवलं. त्या आल्या, पण खुर्चीच्या टोकावर बसल्या. बराच वेळ हो-नाही एवढंच बोलल्या. मग ग्रंथपाल बाई चहा सांगायला बाहेर गेल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, एक सांगू का? रागावू नका. भाऊ दीर्घ लिहिलं का नोंद जाते. ऱ्हस्व लिहिलं का राहते. मी तेच करून पाहून राहिली होती."

त्या ३७ नोंदी अशा परत आल्या होत्या. एकदा चुकून 'भाउ' टाइप झालं आणि ती नोंद दिसू लागली. बिल अडकलेलं, विचारायची सोय नाही, म्हणून त्यांनी मूळ फायलीतच एकेक 'भाऊ'चा 'भाउ' करायला सुरुवात केली. मग अण्णाभाऊंच्या नावाशी येऊन थांबल्या. "त्यांचं नाव असं कसं लिहू जी?" असं त्या म्हणाल्या.

कार्यकारिणीला त्यांनी हे सांगितलं असतं तर शुद्धलेखनाच्या चुका म्हणून आणखी पैसे कापले गेले असते, ही त्यांची भीती खोटी नव्हती. मला मात्र त्या एका वाक्यात चार महिन्यांतला सगळ्यात चांगला पुरावा मिळाला. यादी पुन्हा समोर घेतली: अण्णाभाऊ, राऊत, पाऊस, देऊळ, घेऊन, जिजाऊ. जवळजवळ प्रत्येक मराठी नोंदीत कुठे ना कुठे सुटा 'ऊ' होता. 'पूर' वाचला, कारण त्यात ऊची मात्रा आहे, सुटं अक्षर नाही. भेट देणाऱ्यांच्या रकान्यात तर भाऊसाहेब आणि भाऊराव जागोजाग. नागपुरात भाऊ नसलेली यादी मिळणं कठीणच.

बाइट पाहणं

अशा वेळी मी फाइल उघडून वाचत नाही, तिचे बाइट पाहतो, म्हणजे ती ज्या ० ते २५५ पर्यंतच्या आकड्यांत साठवलेली असते ते आकडे. त्यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीतलं 'ओडी'. ते १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेतही आहे, आणि आजही कुठल्याही लिनक्स यंत्रावर तसंच मिळतं. फाइल काय म्हणते ते ते सांगत नाही, फायलीत काय आहे ते सांगतं. एकामागे एक आकडे.

ताईंची फाइल स्प्रेडशीटमधून 'युनिकोड टेक्स्ट' या प्रकारात साठवलेली होती. साध्या प्रकारात साठवलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. त्यांनी निवडलेला प्रकार बरोबरच होता. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला, आणि काना-मात्रेलाही, दोन बाइट लागतात. दुसरा बाइट गल्लीचा नंबर समजा आणि पहिला घराचा. देवनागरीची गल्ली ९. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि यंत्रासाठीच्या खुणा यांची गल्ली ०. गुजरातीची गल्ली १०.

'भाऊ' या शब्दाचे बाइट असे निघाले: ४५ ९, ६२ ९, १० ९. आणि 'भाउ'चे: ४५ ९, ६२ ९, ९ ९.

फरक फक्त शेवटच्या घराचा. ऊ राहतो ९व्या गल्लीत १० नंबरच्या घरात. आणि १० हा आकडा संगणकाच्या जगात गेली साठ वर्षं 'ओळ संपली' असं सांगतो.

१० आणि १३

इथे मागे जावं लागतं. ताईंना हे समजावणं मला सोपं गेलं, कारण त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मॅन्युअल मशीनवर शिकलेल्या. ओळीच्या शेवटी घंटी वाजते, डावीकडचा लिव्हर ओढला की दोन गोष्टी होतात: रूळ एक घर फिरून कागद वर सरकतो आणि कॅरेज सुरुवातीच्या जागी येतं. हाताचा झटका एकच, कामं दोन.

तारयंत्रावर ही दोन कामं वेगळी झाली. डोनाल्ड मरे यांनी १९०१ साली बनवलेल्या तारेच्या संकेतांत कॅरेज मागे आणण्याला एक संकेत होता आणि कागद सरकवण्याला दुसरा. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांना आकडे नेमून देणारं आस्की हे प्रमाण ठरलं तेव्हा दोन्ही त्यात आले. कॅरेज मागे आणणं म्हणजे १३, कागद सरकवणं म्हणजे १०. त्याच सुमारास बाजारात आलेलं टेलीटाइप मॉडेल ३३ हे छापयंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. कॅरेज कागदाच्या उजव्या टोकावरून डावीकडे यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ घ्यायचं. म्हणून आधी १३ पाठवायचा आणि ते वाटेत असताना १०. क्रम उलटा केला तर पुढचं अक्षर कागदाच्या मधोमध छापलं जायचं. १३ मग १० हा क्रम एका लोखंडी भागाच्या वेगावरून ठरला आहे. आजही ईमेल पाठवणारा प्रत्येक संगणक प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच क्रम पाळतो. आता कुठेही कॅरेज नाही, तरीही.

पुढे फाटे फुटले. मल्टिक्स प्रणाली बनवणाऱ्यांनी ठरवलं की फायलीत ओळीच्या शेवटी एकच खूण असावी, १०. छापताना १३ घालायचं काम यंत्राशी बोलणाऱ्या भागाने करावं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने मजकूर आणि यंत्र वेगळे केले. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत युनिक्स सुरू केलं तेव्हा हीच रीत उचलली. ते दोघे टेलीटाइपपुढे काम करतानाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पडदा नव्हता, कागदच होता. म्हणून थॉम्प्सन यांचं 'एड' हे संपादनाचं साधन ओळीला धरून चाललं: अमुक ओळ दाखव, तमुक ओळ बदल. एडमधल्या एका आज्ञेवरून १९७३ मध्ये 'ग्रेप' निघालं. मग 'सेड', १९७७ मध्ये 'ऑक'. मजकुरावर काम करणारी ही सगळी साधनं ओळ हे एकक धरतात आणि ओळ म्हणजे त्यांच्या लेखी १० येईपर्यंतचे बाइट. त्यात अक्षर कोणत्या लिपीचं, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

गॅरी किल्डॉल यांच्या १९७४च्या सीपी-एम प्रणालीने दोन्ही खुणा ठेवल्या, १३ आणि १०. तिच्यात फाइल १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजली जायची, म्हणून मजकूर ठोकळ्याच्या मध्ये संपला तर तिथे कंट्रोल-झेड, म्हणजे २६, लिहून ठेवायचे. १९८१ मध्ये डॉसने दोन्ही सवयी घेतल्या. १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशने नुसता १३ धरला. २००१ मध्ये ती प्रणाली युनिक्सच्या पायावर आली तेव्हा तिथेही १० झाला. विंडोजच्या नोटपॅडला नुसता १० हा ओळीचा शेवट म्हणून कळायला २०१८ उजाडलं.

चूक कशी घडली

आता त्या मुलाच्या प्रोग्रामकडे. पहिल्या भागाने त्याला आधी दमवलं. सहा फायलींच्या जोडावर प्रत्येक ठिकाणी एक २६ बसलेला होता. त्याने विंडोजवर वापरलेलं पहिलं साधन पहिल्या २६ ला फाइल संपली असं मानून थांबलं. म्हणून त्याने मजकूर म्हणून वाचणं सोडलं, सगळे बाइट जसेच्या तसे उचलले आणि २६ काढून टाकले. दुसऱ्या भागाने वेगळाच त्रास दिला. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसता १३, त्यामुळे ओळी मोजणारं साधन म्हणे शून्य ओळी. पडद्यावर फाइल दाखवली तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर छापली जायची आणि शेवटचीच दिसायची. मग त्याने पायथनमधली ती क्रिया घेतली, जी बाइटच्या रांगेला १३, १० किंवा दोन्ही सापडतील तिथे कापते. दोन्ही भाग नीट चढले. १४,०८२ नोंदी, एकही कमी नाही.

मग तिसरा भाग त्याच चाळणीतून गेला. ताईंच्या फायलीत ओळीचा शेवट असा होता: १३ ०, १० ०. कापल्यावर पुढच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक अनाथ ० उरत होता आणि सगळी अक्षरं एका बाइटने सरकून भलतीच दिसत होती. मुलाने ते पाहिलं, सुरुवातीचे ० काढून टाकायची एक ओळ लिहिली, रिकामे तुकडे सोडून दिले. पडद्यावर स्वच्छ मराठी उमटली. वर आठपेक्षा कमी रकाने असलेली ओळ सोडून द्यायची अट होती, रिकाम्या आणि अर्धवट ओळींसाठी. मी त्याच्या जागी असतो, वय वीस असतं आणि परीक्षा तोंडावर असती, तर मीही इथेच थांबलो असतो. सात हजारांतल्या पहिल्या पन्नास नोंदी पाहून काम झालं असंच वाटलं असतं.

पण 'अण्णाभाऊ' लिहिलेल्या ओळीत कापणी ऊच्या पोटातून गेली. घराचा नंबर १० म्हणजे ओळीचा शेवट, असं समजून प्रोग्रामने तिथे सुरी चालवली. अलीकडच्या तुकड्यात 'अण्णाभा' पर्यंतचे तीनच रकाने, म्हणून तो टाकला गेला. पलीकडचा तुकडा गल्लीच्या ९ पासून सुरू झाला. तो ० नाही, म्हणून काढला गेला नाही, आणि पुढची सगळी अक्षरं एक बाइट सरकली. त्यात रकान्यांची खूणच उरली नाही, तोही गेला. पुढच्या ओळीपासून पुन्हा सगळं ठीक. म्हणूनच नुकसान त्या एका नोंदीपुरतं राहिलं आणि कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

मी टाकून दिलेले तुकडे वेगळ्या फायलीत लिहून घेतले, तेव्हा हजारो ओळी निघाल्या. त्यांत मराठी वाक्य मधेच तुटायचं आणि पुढे चिनी लिपीसारखी चित्राक्षरं सुरू व्हायची. सरकलेल्या बाइटांमुळे 'सा'ची घरं दुसऱ्याच गल्लीत जाऊन पडली होती. गुजराती कपाटाचं कोडंही तिथेच सुटलं. गुजरातीची गल्लीच १०. तिथे प्रत्येक अक्षरावर सुरी चालली होती, म्हणून एकही पुस्तक वाचलं नाही.

उरलेल्यांपैकी ५३ नोंदी वकिलांच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांच्या होत्या. त्यांत ऊ नव्हता. 'ऍड.' आणि 'ऍसिड' होतं. ऍचं घर १३. गंमत अशी नाही पण विलक्षण आहे ती गोष्ट ही की एकाच वकील लेखकाचं एक पुस्तक संगणकात होतं आणि दुसरं नव्हतं. ताईंच्या घरच्या कीबोर्डवर ऍ यायचा, ग्रंथालयातल्या यंत्रावर ॲ. हा दुसरा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याचं घर ११४. तो वाचला.

आणि एक गोष्ट मी त्या मुलाला दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. २६ काढून टाकायची पायरी त्याने फक्त पहिल्या भागाला लावली होती. देवनागरीच्या गल्लीत २६ नंबरच्या घरात च राहतो.

दुरुस्ती

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. आधी बाइटांची अक्षरं करायची, मग ओळी कापायच्या. क्रम बदलला की ऊ हा ऊ असतो आणि ओळीचा शेवट हा ओळीचा शेवट. अनाथ ० काढायची ओळ लगेच निकामी झाली, ती पुसली.

ही अडचण मुळात येऊच नये अशी सोय फार आधी झालेली आहे, हे इथे सांगायला हवं. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवताना यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची मांडणी केली. तिच्यात १२८ च्या खालचा कोणताही बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही. त्या पद्धतीत ऊ म्हणजे २२४ १६४ १३८. त्यात १० नाही, १३ नाही, २६ नाही. पहिले दोन भाग याच पद्धतीत होते, म्हणून त्याच चाळणीतून ते सुखरूप गेले. ज्यांनी टेलीटाइपवर बसून ओळीवर चालणारी साधनं लिहिली, त्याच माणसाने वीस वर्षांनी अशी व्यवस्था केली की ती साधनं न बदलता जगातली प्रत्येक लिपी त्यांच्यातून सुखरूप जावी. एडच्या काळातलं ग्रेप आज 'अण्णाभाऊ' अचूक शोधतं ते त्यामुळे. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे उपकार जाणून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

चाचणीत आकडा आला २१,३४३. अजून तीन कमी. या तीन नोंदींत ना ऊ होता, ना ऍ. प्रकाशकाचा पत्ता लांब होता म्हणून ताईंनी त्या रकान्यात ऑल्ट आणि एंटर दाबून दोन ओळी केल्या होत्या. म्हणजे इथे ओळ खरंच संपत होती, पण नोंद संपत नव्हती. अशा रकान्याला स्प्रेडशीट अवतरणचिन्हांत ठेवते. ती चिन्हं ओळखणारी वाचनपद्धत वापरली आणि २१,३४६ पूर्ण झाले. हिशेब असा बसला: गुजराती २१२, ऊ ५४५, ऍ ५३, रकान्यातली ओळ ३. ऊ आणि ऍ दोन्ही असलेल्या नोंदी ऊमध्ये धरल्या.

कार्यकारिणीपुढे

बैठकीत मी पडदा लावला नाही. ओडीने काढलेली दोन पानं छापून नेली, एक 'भाऊ'चं आणि एक 'भाउ'चं, आणि प्रत्येकाच्या हातात दिली. मग ताईंची पहिली फाइल, तारखेसह, आणि तिच्यातल्या ७,२६४ नोंदी. ज्या सदस्यांनी संशय घेतला होता त्यांनी स्वतः रजिस्टरमधले दहा क्रमांक निवडले. दहाही नोंदी फायलीत निघाल्या, किंमतीसकट. त्यांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं की सर्व नोंदी मुळात केलेल्या होत्या आणि त्रुटी चढवण्याच्या प्रोग्राममध्ये होती. बिल त्याच आठवड्यात निघालं. मुलाने टाकून दिलेल्या प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल आणि शेवटी मोजणी, अशा दोन गोष्टी प्रोग्राममध्ये घातल्या. त्या आधी असत्या तर पहिल्याच दिवशी ८५० हा आकडा आणि ती चित्राक्षरं सगळ्यांपुढे आली असती.

त्या ३७ नोंदी राहिल्या होत्या. ताईंनी मूळ फायलीतच ऱ्हस्व केल्यामुळे त्या आपोआप परत येणार नव्हत्या. सगळ्या 'भाउ'चे 'भाऊ' एका आज्ञेने करता आले असते, ग्रंथपाल बाईंनी नको म्हटलं. एका दुपारी दोघींनी ३७ पुस्तकं कपाटांतून काढून टेबलावर मांडली आणि प्रत्येकाचं मुखपृष्ठामागचं पान पाहिलं. दोन जुन्या पुस्तकांवर भेट देणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने 'भाउसाहेब' अशीच सही केलेली होती. ती तशीच ठेवली. बाकीच्या ३५ मध्ये ताईंनी एकेक ऊ परत टाकला. शेवटची नोंद जिजाऊंच्या चरित्राची होती. ती झाल्यावर त्यांनी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली, पुन्हा चढवली, आणि शोधाच्या चौकोनात स्वतःच टाइप केलं: भाऊ.